बांबूला भुंगा का लागतो? माणग्याच्या दोन काठ्या आणि आयोडीनची बाटली

पडवी_कुडाळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या मे महिन्यात आमच्या गोठ्याच्या पडवीचं छप्पर नव्याने बांधलं. माणगा बांबू घरच्याच बेटातला, तीन-चार वर्षांचा, हातात घेतला तर दगडासारखा भरीव. बाबा म्हणाले, आता दहा वर्षं वर बघायला नको. गणपतीत मी गवत काढायला गेले तर खाली उपडं ठेवलेल्या घमेल्यावर पिवळट पीठ साचलेलं, मैद्यासारखं बारीक. वर पाहिलं तर काठ्यांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. एका काठीला कान लावला तर आत बारीक करकर ऐकू येत होती. वरची साल मात्र तशीच चकचकीत. नखाने दाबलं आणि नख आत गेलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे नुसतं नशिबावर टाकून सोडवेना. तीन महिने मिळेल ते वाचलं. जे कळलं ते इथे लिहिते, चुकलं तर सांगा.

बांबू म्हणजे गवत. झाडासारखा तो दरवर्षी जाडीला वाढत नाही. काठीची जाडी कोंब जमिनीतून वर येतानाच ठरलेली असते. दोन-चार महिन्यांत काठी पूर्ण उंची गाठते आणि पुढची दोन-तीन वर्षं फक्त आतून पक्की होत जाते. हे सगळं घाईघाईने वाढणं चालतं ते साठवलेल्या अन्नावर. कोंब यायच्या आधी, म्हणजे उन्हाळ्यात, बेटातल्या जुन्या काठ्या आणि कंद स्टार्चने भरलेले असतात. पावसाळ्यात कोंबांना उंची देताना तो साठा उतरतो.

आणि काठी पोखरणारा हा बारका भुंगा (डायनोडेरस जातीचा) लाकडासाठी येतच नाही, तो येतो या स्टार्चसाठी. बाहेरच्या सालीत सिलिका आणि मेण असल्यामुळे तिकडून तो सहसा शिरत नाही. कापलेली टोकं, छाटलेल्या फांद्यांच्या खुणा, खरचटलेली जागा, इथून आत जातो. म्हणजे आम्ही मे महिन्यात भुंग्याला भरलेली कणगी उघडून दिली.

खात्री करावी म्हणून एक प्रयोग केला. मे महिन्यात तोडलेल्या काठ्यांपैकी एक घरात माळ्यावर राहिली होती. ती आणि त्याच बेटातली, अंदाजे त्याच वयाची, डिसेंबरात तोडलेली दुसरी. दोन्हींच्या करवतीने पातळ चकत्या कापल्या, पॉलिश पेपरने घासल्या आणि औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाणी घालून थेंब-थेंब टाकलं. स्टार्च असला की आयोडीन काळं-जांभळं होतं. मेची चकती मिनिटाभरात जांभळट काळी झाली. भिंगाखाली पाहिलं तर त्या काळ्या पटात तंतूंचे पुंजके पिवळे ठिपके होऊन उठून दिसत होते, बाहेरच्या कडेला दाटीवाटीने, मध्याकडे विरळ. नववीच्या पुस्तकात आपण जिला मूल ऊती म्हणतो, स्टार्च भरलेला असतो तो तिच्यात, आणि ती मध्याकडे जास्त. डिसेंबरची चकती राखाडी झाली, तीही मधेच थोडीशी. सातवीच्या मुलांनी रांग लावून पाहिलं.

माझे प्रश्न: तोडायची वेळ पाळली की पुरे का? की उपचार करावाच लागतो? आणि माणग्यासारख्या भरीव बांबूत औषध आत जातं कसं?

---

रानवाट

फार सुंदर लिहिलंय. चकतीचं वर्णन वाचून आत्ताच आयोडीन आणायला निघालो.

---

सुपाच्या_काठी

ताई, आमचं घर बुरूडकाम करणारं. आजोबा सूप, रोवळी, दुरडी, हारा सगळं करायचे, वडिलांनी अजून सोडलेलं नाही. तुम्ही लिहिलेलं आजोबा वेगळ्या शब्दांत सांगायचे: पावसाळी कोंब उभे राहिले, पानं सुटली, की मग हत्यार लावायचं. त्याआधी बेटाला हात नाही.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, विणकामाला आम्ही वर्षाची काठीच घेतो. तिच्या कामट्या वळतात, सुरी गुळगुळीत चालते. तीन वर्षांची काठी विणायला घेतली तर कामटी मोडते आणि सुरीची धार जाते. छपराला मात्र वर्षाची काठी लावली तर वाळून सुरकुतते. लोक एकाच गाडीतून दोन्ही कामांना काठ्या घेतात आणि मग बांबूला नावं ठेवतात.

दुसरी, आजोबा काठ्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायचे, महिनाभर. काढताना असा वास यायचा की आई जेवायला बसू द्यायची नाही. पण त्या काठ्यांना भुंगा लागलेला मी पाहिला नाही. आणि चुलीवरच्या माळ्यात धुरात काळ्या झालेल्या आमच्या शिडीला चाळीस वर्षं झाली.

---

पडवी_कुडाळ

काठी दादा, वय कसं ओळखता ते जरूर लिहा. आणि ओढ्याचं अगदी बरोबर आहे. वाहत्या पाण्यात स्टार्च आणि साखर विरघळून, आंबून निघून जाते, वास त्याचाच. भुंग्याला खायलाच उरत नाही. फक्त ओल आणि बुरशीपासून यानं संरक्षण मिळत नाही, आणि वाळवीपासूनही नाही, कारण वाळवी स्टार्चवर अवलंबून नसते.

---

सुपाच्या_काठी

वय: पहिल्या वर्षी पेरांवर कोंबाचं खोड झाकणारी पानं चिकटलेली असतात आणि काठीवर पांढरी भुकटी. हात फिरवला की बोटाला लागते. दुसऱ्या वर्षी पानं गळतात, रंग गडद हिरवा. तिसऱ्या वर्षापासून हिरवा मळतो, दगडफुलासारखे ठिपके धरतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर आवाज टणक येतो. तोडायची ती जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर. वर ठूठ ठेवलं तर त्यात पाणी साचतं आणि बेट कुजायला सुरुवात तिथून होते.

---

लोखंडी_मोजपट्टी

मी स्थापत्य अभियंता. बांबूवर गेली काही वर्षं काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी ताकदीबद्दल. जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर लीझ यांनी बांबूच्या अंतर्गत रचनेवर आयुष्यभर काम केलं. त्यांचा ढोबळ हिशेब असा, की काठीच्या भिंतीत सुमारे ५० टक्के मूल ऊती, ४० टक्के तंतू आणि १० टक्के पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्या. ताईंनी भिंगाखाली पाहिलेले पिवळे ठिपके म्हणजे तेच ४० टक्के. ते बाहेरच्या कडेला दाटलेले असतात, आणि वाकताना सगळ्यात जास्त ताण येतो तोही बाहेरच्याच कडेला. माल जिथे हवा तिथेच ठेवलेला आहे. म्हणूनच साल तासून गुळगुळीत केलेला बांबू दिसायला छान आणि कामाला कमजोर.

पण हे तंतू सगळे उभे. आडवे धागे जवळजवळ नाहीतच. त्यामुळे लांबीच्या दिशेने ओढलं तर बांबू चकित करतो, आणि खिळा ठोकला की सरळ चिरत जातो. बांबूचं बांधकाम पडतं ते काठी तुटून क्वचितच. जोड सुटतो. जोड नेहमी पेराजवळ घ्या, भोक ड्रिलने पाडा, बोल्ट घाला, पोकळ जातीत जोडाजवळचं कांडं सिमेंटच्या मसाल्याने भरा. आपल्याकडे यासाठी मानकं आहेत: चाचण्यांसाठी आयएस ६८७४, रचनेसाठी आयएस १५९१२, आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेत बांबूचा स्वतंत्र भाग. या गोष्टी गावातल्या सुताराला कोणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"सळईऐवजी काँक्रीटमध्ये बांबू घालू का" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा येतो. कृपया घालू नका. ओल्या काँक्रीटमध्ये बांबू पाणी पिऊन फुगतो, नंतर वाळून आकसतो आणि काँक्रीटला धरून राहत नाही. शिवाय पोलादाची ताठरता साधारण २०० गिगापास्कल, बांबूची १० ते २० च्या आसपास. बांबू ताण घ्यायला सुरुवात करेपर्यंत काँक्रीटला तडे गेलेले असतात. १९५० च्या सुमारास अमेरिकेत क्लेम्सन इथे यावर मोठे प्रयोग झाले, अडचणी तेव्हाच कळल्या होत्या.

आता उपचार. ताई, वेळ पाळणं ही निम्मी लढाई. उरलेल्या निम्म्यासाठी आपल्याला परवडणारा आणि बऱ्यापैकी निर्धोक मार्ग म्हणजे बोरिक ॲसिड आणि टाकणखार. १०० लिटर पाण्याला २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो टाकणखार, गरम पाण्यात आधी विरघळवून. पोकळ बांबूला लांब सळईने आतले पडदे फोडून हौदात आठ-पंधरा दिवस बुडवतात.

माणगा भरीव, त्यामुळे ही युक्ती तिथे अपुरी पडते. सालीतून औषध शिरत नाही, आतली पोकळी नाही, राहिली दोन टोकं. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातली एक फ्रेंच पद्धत आहे, बुशेरी नावाच्या माणसाने लाकडी खांबांसाठी काढलेली. काठी ताजी, तोडल्या दिवशीच घ्यायची. बुडख्याला रबरी नळी घट्ट आवळायची आणि द्रावण दाबाने आत ढकलायचं. मूळ पद्धतीत टाकी उंचावर ठेवत, आता हवेचा दाब देतात. ज्या नळ्यांतून काठी जिवंतपणी पाणी वर नेत होती, त्यांतूनच औषध जातं आणि शेंड्याकडून रस ठिबकू लागतो. आधी निव्वळ रस, मग हळूहळू औषध. शेंड्याचं द्रावण टाकीतल्याइतकं झालं की काम झालं. दोन दिवस वाळलेल्या काठीत हे जमत नाही, नळ्या बंद पडतात.

लक्षात ठेवा: बोरॉन पावसाने धुऊन जातो. छपराखालच्या काठीला चालेल, कुंपणाला आणि जमिनीत पुरलेल्या खांबाला नाही. उरलेलं द्रावण शेतात ओतू नका, जास्त बोरॉन पिकाला बाधतो. गुरांना तर जवळ फिरकू देऊ नका.

---

वैनगंगा

गडचिरोलीहून लिहितोय. मोजपट्टी साहेब, वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये रस्त्याकडेला २०० मीटर बांबूचा संरक्षक कठडा बसवला, 'बाहु बल्ली' नावाचा. त्याबद्दल काय मत?

---

लोखंडी_मोजपट्टी

चांगलं उदाहरण आणलंत. तो बाल्कोआ जातीचा बांबू आहे. आधी क्रिओसोटचा (डांबरापासून काढलेल्या तेलाचा) उपचार आणि वरून पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचं आवरण. गाडी आदळून चाचणी इंदूरजवळ पीथमपूरच्या धावपट्टीवर झाली, आगीची चाचणी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत. उघड्यावर पावसात राहायचं म्हणून तिथे टाकणखार चालला नसता. माझं मत: असा कठडा पाच-सात पावसाळे काढून कसा राहतो याची नोंद व्हायला हवी आणि ती लोकांसमोर यायला हवी. उद्घाटनाचे फोटो पुष्कळ मिळतात, पाचव्या वर्षीचे कोणी काढत नाही.

असाच दाखला कोलंबियाचा. १९९९ च्या जानेवारीत तिथल्या कॉफीच्या पट्ट्यात भूकंप झाला. ग्वादुआ बांबूच्या सांगाड्यावर गिलावा केलेली जी घरं नीट राखलेली होती, ती पुष्कळ तगली. जिथे बांबू कुजलेला, किड्याने खाल्लेला होता, तिथे घरं बसली. पुढे २००२ मध्ये त्यांनी अशा घरांसाठी अधिकृत बांधकाम नियम काढले. ताईंच्या घमेल्यातल्या पिठाचा प्रश्न किती मोठा आहे हे यावरून कळावं.

---

वैनगंगा

आभार. आमच्याकडची थोडी माहिती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ मध्ये आपल्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक पास स्वतः द्यायचा अधिकार मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाने गोळा करून विकायचा माल, ठरला होता, तरी तो हातात यायला पाच वर्षं गेली. त्याआधी आमच्या डोळ्यांसमोर बांबू कागद गिरणीकडे जायचा आणि आमच्या माणसाला घराच्या कुडाला काठी तोडायची तर भीती. खाजगी जमिनीवरच्या बांबूला 'झाड' या व्याख्येतून २०१७ ला वगळलं. तोपर्यंत शेतकऱ्याने स्वतः लावलेलं गवत कायद्याने झाड होतं.

संशोधनाइतकंच हे महत्त्वाचं, असं मला वाटतं. काठी आपली असेल तरच माणूस ती कधी तोडायची याचा विचार करतो.

पावसाळ्यात आम्ही वास्ते खातो, म्हणजे कोवळे कोंब. आई ते बारीक चिरून उकळते आणि पाणी फेकते, दोनदा. लहानपणी वाटायचं कडूपणा घालवायला. नंतर कळलं, कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. उकळल्यावर ते मोडतं आणि निघून जातं. वास्ते कच्चे कोणी चाखू नका.

---

मांडवीकाठ

गोव्यात आम्ही किल्ल म्हणतो. चिरून पाण्यात ठेवतो, पाणी बदलतो. आजी कधीच झाकण ठेवून शिजवू द्यायची नाही.

---

दूरदेशी_मीनल

मी कॅनडात असते. इथे 'बांबूचे' मोजे, चादरी, बाळाचे कपडे सर्रास मिळतात, जंतुनाशक म्हणून दुप्पट किमतीला. माझ्या मुलीला त्वचेचा त्रास आहे म्हणून मी बरेच घेतले. यात तथ्य आहे का?

---

लोखंडी_मोजपट्टी

मीनल ताई, त्यातलं बहुतेक कापड म्हणजे रेयॉन. बांबूचा लगदा रसायनात विरघळवून त्यातून नवा धागा ओढतात. शेवटी उरतो तो निव्वळ सेल्युलोज. तो लाकडाचा असला काय नि बांबूचा काय, सारखाच. बांबूत काही जंतुरोधक असलं तरी या प्रक्रियेतून ते वाचत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये याच कारणासाठी विक्रेत्यांवर कारवाई केली आणि लेबलवर रेयॉन लिहायला लावलं. कापड मऊ असतं, मुलीला बरं वाटत असेल तर जरूर वापरा, पण जंतुनाशक म्हणून जादा पैसे देऊ नका.

---

दूरदेशी_मीनल

मनापासून आभार. हे कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

---

रानवाट

बांबू इतर झाडांपेक्षा ३५ टक्के जास्त ऑक्सिजन देतो, असं सगळीकडे वाचतो. खरं ना?

---

जुनी_वनस्पतीवही

निवृत्त वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका, पुणे. रानवाट, तो आकडा फलकांवर दिसतो, त्याच्यामागे पक्का अभ्यास माझ्या पाहण्यात आलेला नाही. वनस्पती जितका कार्बन धरून ठेवते त्या प्रमाणातच तिच्याकडून जास्तीचा ऑक्सिजन मिळतो. तेव्हा विचारायचं ते हे, की त्या काठीचं पुढे काय होतं. छपरात तीस वर्षं राहिली तर कार्बन तीस वर्षं बांधलेला. भुंग्याने वर्षात भुसा केला तर तो परत हवेत.

या धाग्यावर एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि मला राहवत नाही. बांबूच्या फुलोऱ्याचा. काटस बांबू तीस-चाळीस वर्षांनी एकदाच फुलतो, सगळं बेट एकदम, आणि बी टाकून मरतो. मिझोराममधल्या बांबूचं चक्र सुमारे ४८ वर्षांचं. १९५९ च्या आसपास तो फुलला, फळं खाऊन उंदीर वाढले, त्यांनी शेतं आणि कोठारं खाल्ली आणि दुष्काळ पडला. पुढची पाळी २००७ च्या सुमारास आली. हे घड्याळ बांबूत कुठे असतं, हे शास्त्राला न उलगडलेलं कोडं.

आणि १९९० साली आमच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हास या तिघांनी काचेच्या नळीतल्या बांबूच्या रोपांना फुलं आणली! ऊतिसंवर्धनाच्या माध्यमात नारळाचं पाणी आणि सायटोकायनिन नावाचं संप्रेरक. जे जंगलात तीस वर्षांनी व्हायचं ते बोटभर रोपांवर काही महिन्यांत झालं, आणि बीसुद्धा धरलं. त्यांचा लेख 'नेचर'मध्ये आला. मी तेव्हा शिकवत होते. वर्गात तो अंक घेऊन गेले तर मुलांना आधी खरंच वाटेना, की हे पाषाण रस्त्यावर घडलंय.

पडवी ताई, तुमच्या माणग्याची गोष्ट निराळी. तो तुरळक फुलतो आणि सहसा बी धरत नाही, म्हणून लागवड कंदाने किंवा काठीच्या तुकड्यांनी. रोपं घेताना मूळ बेट कोणत्या जातीचं, हे विचारूनच घ्या.

---

सुपाच्या_काठी

बाई, हे खरंय. आमच्या शेजाऱ्याने एका रोपवाटिकेतून माणगा म्हणून दोनशे रोपं घेतली, तिसऱ्या वर्षी काटे फुटले. काटस निघाला. आता तो बेटात शिरूही शकत नाही.

फुलून मेलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, हेही आजोबा सांगायचे. आज कळलं का. सगळा स्टार्च बियांत गेलेला असणार.

---

जुनी_वनस्पतीवही

अगदी तेच कारण. तुमच्या आजोबांचं निरीक्षण पुस्तकातही सापडतं. ते जे काही सांगायचे ते लिहून ठेवा हो, तारखेसकट.

एक शंका पडवी ताईंना. दोन काठ्या म्हणजे फार थोडा नमुना. शिवाय एक सहा महिने माळ्यावर वाळलेली, एक ताजी. मेची काठी काळी पडली यात मला नवल नाही, पण डिसेंबरच्या काठीचा फिकेपणा आणखी चार-पाच काठ्यांवर तपासा. आणि बुडखा, मध्य, शेंडा अशा तीन जागी.

---

पडवी_कुडाळ

बाई, शंका रास्त आहे. सुट्टीत पाच काठ्यांवर तीन-तीन जागी पाहिलं. चार काठ्या फिक्या. पाचवी मात्र बुडख्याला चांगलीच जांभळी निघाली. ती बेटाच्या कडेची, भरपूर उन्हातली होती. कारण मला अजून लागलेलं नाही. मुलांनी पंधरा चकत्या वहीत चिकटवून प्रत्येकीखाली तारीख, काठी आणि जागा लिहिली आहे. मे महिन्यात त्याच बेटातल्या पाच ताज्या काठ्या घेऊन परत करू.

बुशेरीची जुळवाजुळव झाली. बाबांनी जुनी फवारणीची टाकी आणि सायकलची ट्यूब काढून दिली. पहिल्या काठीला ट्यूब सटकून अर्ध अंगण भिजलं. दुसऱ्या वेळी तार दुहेरी आवळली. तासाभराने शेंड्याला थेंब लोंबला, हिरवट, काकडीच्या पाण्यासारखा वास. बाबा खुर्ची घेऊन समोर बसले आणि थेंब मोजत राहिले.

आतापर्यंत अकरा काठ्या झाल्या. छपराला चौदा लागतात. उरलेल्या तीन मुद्दाम बिनउपचाराच्या लावतेय, त्याच दिवशी, त्याच बेटातून तोडलेल्या. त्यांना लाल सुतळी बांधलीय आणि प्रत्येकीखाली स्वच्छ घमेलं ठेवलंय. गणपतीत पाहते.